रिव्हर डिफेन्स फ्लीट

रिव्हर डिफेन्स फ्लीट (शब्दशः अर्थ : नदीसंरक्षक ताफा) हा अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात कॉन्फेडरेट राज्यांनी मिसिसिपी नदीच्या रक्षणासाठी उभारलेला चौदा आगबोटींचा ताफा होता. जानेवारी १८६२ मध्ये त्याच्या उभारणीस प्रारंभ झाला आणि त्याच वर्षीच्या जून महिन्याच्या अखेरीस त्यातील एकही बोट कॉन्फेडरेट राज्यांकडे उरली नाही. या अल्प आयुष्यात ताफ्याने न्यू ऑर्लीन्सच्या दक्षिणेस, प्लम पॉइंट बेंड येथे आणि मेम्फिससमोर अशा तीन लढाया दिल्या. त्यांपैकी दुसरी त्याने जिंकली. उरलेल्या दोन लढायांत तो नष्ट झाला.

हा ताफा नौदलाचा मात्र नव्हता. त्याचा खर्च युद्धखात्याने, म्हणजे लष्कराने केला. त्याचे कप्तान नदीवर मालवाहतूक व प्रवासी वाहतूक करणारे मुलकी नागरिक होते. तोफांवरचे बरेचसे गोलंदाज भूदलातून आलेले होते. अशा तिपेडी रचनेत अंतिम आज्ञा कोणाची, हा प्रश्न ताफ्याच्या जन्मापासून अखेरपर्यंत सुटला नाही.

पार्श्वभूमी

एप्रिल १८६१ मध्ये युद्धास तोंड फुटल्यावर मिसिसिपी नदी दोन्ही पक्षांच्या दृष्टीने कळीची ठरली. उत्तरेकडील संघराज्याच्या ताब्यात ही नदी गेली असती, तर टेक्सास, आर्कान्सा आणि लुइझियानाचा पश्चिम भाग हे प्रदेश उर्वरित कॉन्फेडरेट राज्यांपासून तुटले असते. शिवाय नदीच्या मुखाजवळचे न्यू ऑर्लीन्स हे दक्षिणेतील सर्वांत मोठे शहर व कापसाच्या निर्यातीचे प्रमुख बंदर होते. संघराज्याचे वृद्ध सरसेनापती विनफिल्ड स्कॉट यांनी समुद्रकिनाऱ्याची नाकेबंदी करून मिसिसिपीवर ताबा मिळविण्याची योजना आरंभीच मांडली होती.

त्या योजनेस अनुसरून जेम्स ईड्स या अभियंत्याने सेंट लुइसजवळील कॅरंडलेट आणि इलिनॉयमधील माउंड सिटी येथे सात चिलखती नौका बांधल्या. या नौकांना नदीकाठच्या शहरांची नावे देण्यात आली. प्रत्येकीवर तेरा तोफा होत्या. पाण्यावर दिसणाऱ्या भागाला लोखंडी पत्रे होते. पाण्याखालील तळ मात्र साध्या लाकडाचा होता. ही उणीव पुढे महत्त्वाची ठरली.

दक्षिणेकडे अशा नौका बांधण्याची साधने तोकडी होती. मोठे लोहकारखाने थोडे, कुशल कारागीर त्याहून थोडे. मुबलक होता तो कापूस. नाकेबंदीमुळे आणि भाव चढावेत म्हणून दक्षिणेने स्वतःच रोखून धरल्यामुळे त्याच्या गासड्या गोदामांत व धक्क्यांवर पडून होत्या. (याच तुटवड्यामुळे लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानकडे मोर्चा वळविला आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला मुंबईच्या बाजारात कधी नव्हे तो भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपताच तो भाव आणि त्यावर उभे राहिलेले मुंबईतील सट्टेबाजीचे इमले एकदमच कोसळले.) न विकलेला हा कापूस मिसिसिपीवर चिलखत म्हणून वापरला गेला.

स्थापना

ताफ्याची कल्पना जेम्स मॉन्टगोमेरी आणि जे. एच. टाउनसेंड या नदीवरील दोन अनुभवी कप्तानांची. वेगवान आगबोटींची नाळ, म्हणजे पुढील टोक, मजबूत करावी आणि तोफांच्या लढाईत न पडता शत्रूच्या नौकेवर सरळ धडक देऊन तिचा तळ फोडावा, असा त्यांचा विचार होता. अशा धडक देणाऱ्या नौकेस रॅम म्हणतात. प्राचीन भूमध्य समुद्रातील वल्ह्यांच्या युद्धनौका याच तंत्राने लढत. पुढे शिडांच्या जहाजांच्या युगात ते मागे पडले, कारण वाऱ्यावर अवलंबून असलेल्या जहाजाला हवी तेव्हा, हव्या त्या दिशेने धडक देता येत नसे. वाफेच्या यंत्रामुळे ते पुन्हा शक्य झाले होते.

मॉन्टगोमेरी व टाउनसेंड यांना जनरल लिओनिडस पोल्क यांचा आणि मिसिसिपी खोऱ्यातील लोकप्रतिनिधींचा पाठिंबा मिळाला. कॉन्फेडरेट काँग्रेसने जानेवारी १८६२ मध्ये पश्चिमेकडील नद्यांच्या रक्षणासाठी दहा लाख डॉलर मंजूर केले. ही रक्कम नौदलाकडे न जाता युद्धखात्याकडे गेली. युद्धमंत्री ज्यूडा बेंजामिन यांनी न्यू ऑर्लीन्सचे लष्करी अधिपती जनरल मॅन्सफिल्ड लव्हेल यांना चौदा आगबोटी ताब्यात घेण्याचा आदेश दिला.

लव्हेल यांनी आदेश पाळला, परंतु त्यांचा या योजनेवर विश्वास नव्हता. नदीवरचे चौदा कप्तान एकदा धक्का सोडून निघाले की कोणत्याही गोष्टीवर त्यांचे एकमत व्हायचे नाही, अशा आशयाचा इशारा त्यांनी वरिष्ठांना लिहून कळविला होता. या लेखी इशाऱ्याचा उल्लेख ताफ्याच्या बहुतेक इतिहासांत आढळतो. लव्हेल यांच्या आडनावाच्या दोन बोटी ताफ्यात होत्या, ‘जनरल लव्हेल’ आणि ‘कर्नल लव्हेल’. नावांच्या या सारखेपणामुळे जुन्या वृत्तांतांत दोहोंची अनेकदा गल्लत झालेली दिसते.

बोटी आणि त्यांची बांधणी

ताफ्यातील बोटी युद्धासाठी बांधलेल्या नव्हत्या. काही जहाजे ओढून नेणाऱ्या होत्या, काही माल व प्रवासी वाहणाऱ्या. ‘जनरल ब्रॅग’ ही पूर्वीची ‘मेक्सिको’, न्यू यॉर्कमध्ये बांधलेली समुद्रगामी आगबोट होती. ‘जनरल स्टर्लिंग प्राइस’ ही पूर्वी ‘लॉरेंट मियोदों’ या नावाने चालत असे, तर ‘जनरल सम्टर’चे जुने नाव ‘ज्युनियस बीबी’ होते. मॉन्टगोमेरी यांची ध्वजनौका ‘लिटल रेबेल’ ही तर उत्तरेतील पेनसिल्व्हेनियात बांधलेली.

न्यू ऑर्लीन्सच्या समोरील अल्जियर्स येथील गोद्यांत या बोटींचे रूपांतर झाले. नाळेवर चार इंच जाडीच्या ओक लाकडाचे आवरण आणि त्यावर एक इंच जाडीचे लोखंड बसविण्यात आले. यंत्रे व बॉयलर यांच्याभोवती पाइन लाकडाच्या दुहेरी भिंती उभारून मधल्या पोकळीत दाबलेल्या कापसाच्या गासड्या ठासल्या. या कापूसकवचामुळे बंदुकीच्या गोळ्या व लहान तोफांचा मारा काही अंशी अडत असे. मोठ्या तोफेच्या गोळ्यापुढे त्याचा फारसा उपयोग नव्हता. कवच मुख्यतः यंत्रांना होते. बोटीचा तळ आणि पाण्यात फिरणारी बाजूची चाके उघडीच राहिली. प्रत्येक बोटीवर पुढे एक-दोन किंवा थोड्या अधिक तोफा नंतर चढविण्यात आल्या.

आज्ञेचा प्रश्न

ताफ्यातील खलाशी पगारी नोकर होते. त्यांनी सैन्यात वा नौदलात नाव नोंदविलेले नव्हते. आपण नौदल अधिकाऱ्यांच्या हाताखाली काम करणार नाही, या अटीवरच आपण आलो आहोत, असे कप्तानांचे म्हणणे होते. युद्धखात्यानेही नौदलाने या ताफ्यात हस्तक्षेप करू नये, असेच ठरविले होते. नदीचे प्रवाह, वाळूचे दांडे आणि वळणे ज्यांना तळहातासारखी ठाऊक, त्यांना समुद्रावरच्या अधिकाऱ्यांनी शिकवावे काय, ही त्यामागची भावना समजण्यासारखी आहे. मात्र कवायत, संकेतांची पद्धत आणि आज्ञाभंगास शिक्षा यांपैकी काहीच ताफ्यात रुजले नाही.

मार्च १८६२ च्या अखेरीस ताफ्याची विभागणी झाली. मॉन्टगोमेरी यांच्या हाताखालील आठ बोटी उत्तरेस मेम्फिसकडे निघाल्या. ‘वॉरियर’, ‘स्टोनवॉल जॅक्सन’, ‘डिफायन्स’, ‘रेझोल्यूट’, ‘जनरल लव्हेल’ आणि ‘आर. जे. ब्रेकिनरिज’ या सहा बोटी कप्तान जॉन स्टीव्हन्सन यांच्याकडे देऊन न्यू ऑर्लीन्सच्या रक्षणासाठी मागे ठेवण्यात आल्या.

न्यू ऑर्लीन्स

न्यू ऑर्लीन्सकडे येणारा जलमार्ग फोर्ट जॅक्सन व फोर्ट सेंट फिलिप या समोरासमोरच्या दोन किल्ल्यांनी रोखला होता. तेथे कॉन्फेडरेट नौदलाच्या नौका, लुइझियाना राज्याच्या स्वतःच्या नौका आणि स्टीव्हन्सन यांच्या सहा बोटी अशी तीन वेगवेगळी दले एकाच वळणावर उभी होती. नौदलाचे प्रमुख जॉन मिचेल यांनी स्टीव्हन्सन यांना आपल्या आज्ञेत घेण्याचा प्रयत्न केला. आपण सहकार्य करू, पण आज्ञा स्वीकारणार नाही, या भूमिकेवर स्टीव्हन्सन ठाम राहिले.

२४ एप्रिल १८६२ च्या पहाटेपूर्वी संघराज्याचे नौदल अधिकारी डेव्हिड फॅरागट यांनी आपला ताफा अंधारात किल्ल्यांमधून वर नेला. स्टीव्हन्सन यांच्या बोटींपैकी एकटी ‘स्टोनवॉल जॅक्सन’ खऱ्या अर्थाने लढली. राज्याच्या ‘गव्हर्नर मूर’ या नौकेने आधीच जायबंदी केलेल्या ‘व्हरुना’ या संघराज्याच्या युद्धनौकेवर तिने धडक दिली व ‘व्हरुना’ बुडाली. फॅरागट यांनी त्या रात्री गमावलेली ती एकमेव युद्धनौका. ‘स्टोनवॉल जॅक्सन’ला त्यानंतर काठावर चढवून जाळून टाकावे लागले. ‘वॉरियर’ तोफांच्या माराखाली काठाला लागली, इतरही सोडून देण्यात आल्या किंवा पेटविण्यात आल्या. ‘डिफायन्स’ तेवढी सहीसलामत राहिली. ती खलाशांविनाच नौदलाच्या हवाली झाली आणि २८ एप्रिल रोजी किल्ले शरण गेले तेव्हा तिचीही होळी झाली. अशा प्रकारे जवळजवळ अर्धा ताफा एका रात्रीत गेला.

प्लम पॉइंट बेंडची लढाई

उत्तरेकडील आठ बोटी मेम्फिसच्या वरच्या अंगाला सुमारे ६५ किलोमीटरवर असलेल्या फोर्ट पिलोच्या आश्रयाला होत्या. संघराज्याचा चिलखती ताफा नदीच्या वरच्या बाजूस नांगरून होता. रोज एक उखळी तोफ बसविलेला तराफा तो पुढे पाठवी आणि किल्ल्यावर गोळे टाकी. तराफ्याच्या संरक्षणासाठी बहुधा एकच चिलखती नौका सोबत असे. चार्ल्स हेन्री डेव्हिस यांनी जखमी अँड्र्यू फूट यांच्याकडून या ताफ्याची सूत्रे ९ मे रोजी घेतली होती. दुसऱ्याच दिवशी मॉन्टगोमेरी यांनी घाव घातला.

१० मे १८६२ च्या सकाळी आठही बोटी वळणावरून एकापाठोपाठ एक पुढे आल्या. तराफ्याच्या राखणीला असलेल्या ‘सिनसिनाटी’ची वाफ पुरेशी चढलेली नव्हती. ‘जनरल ब्रॅग’ने पूर्ण वेगाने तिच्या कुशीत पहिली धडक मारली, पाठोपाठ ‘प्राइस’ आणि ‘सम्टर’ यांनी सुकाणूकडील भागावर आघात केले. कमांडर रॉजर स्टेंबेल जखमी झाले व ‘सिनसिनाटी’ उथळ पाण्यात तळाला टेकली. ‘प्राइस’ ही मुळात ओहायोतील सिनसिनाटी शहरातच बांधली गेली होती, हा योगायोग नमूद करण्याजोगा आहे. मदतीला धावलेल्या ‘माउंड सिटी’ला ‘जनरल अर्ल व्हॅन डॉर्न’ने फोडले, तीही बुडण्याच्या भीतीने वाळूच्या दांड्यावर चढविण्यात आली. उरलेल्या चिलखती नौका तोफा डागत जवळ येऊ लागल्या तशा मॉन्टगोमेरी यांनी आपल्या बोटी वेळीच किल्ल्याच्या आडोशाला मागे घेतल्या.

यादवी युद्धात दोन नदीताफे एकमेकांना थेट भिडल्याचे प्रसंग थोडेच आहेत, आणि त्यांत दक्षिणेने मिळविलेला हा स्पष्ट विजय होता. त्याची मर्यादा मात्र लवकरच दिसली. दोन्ही नौका उथळ पाण्यात बुडाल्या होत्या. संघराज्याकडे त्या वर काढण्याची यंत्रसामग्री आणि दुरुस्तीचे तळ होते. दोन्ही पुन्हा सेवेत आल्या. मॉन्टगोमेरी यांच्या तुटक्याफुटक्या बोटींना तशी सोय नव्हती.

मेम्फिसची लढाई

मे महिन्याच्या अखेरीस जनरल बोरगार्ड यांनी मिसिसिपी राज्यातील कोरिंथ हे रेल्वेचे ठाणे सोडले. त्यामुळे फोर्ट पिलो उघडा पडला व ४ जूनच्या सुमारास तोही रिकामा करण्यात आला. ताफा मेम्फिसला आला. तेथून आणखी दक्षिणेला व्हिक्सबर्गपर्यंत माघार घ्यावी, तर त्यासाठी पुरेल इतका कोळसा बोटींवर नव्हता. बोटी स्वतः जाळून टाकणे किंवा लढणे, एवढेच पर्याय उरले. मॉन्टगोमेरी यांनी लढण्याचे ठरविले.

गोलंदाज पुरविणारे मिसूरीचे ब्रिगेडियर जनरल जेफ थॉम्प्सन यांना मॉन्टगोमेरी यांच्यासह संयुक्त सेनापती नेमल्याचा बोरगार्ड यांचा आदेश ऐन लढाईच्या आदल्या दिवशी पोहोचला. त्याचा प्रत्यक्षात काही उपयोग होण्याइतका वेळ उरला नव्हता. थॉम्प्सन यांनी लढाई काठावरून पाहिली.

याच सुमारास संघराज्याकडेही रॅम आले होते. चार्ल्स एलेट हे झुलते पूल बांधणारे नामांकित स्थापत्य अभियंता धडकनौकांचा पुरस्कार कित्येक वर्षे करीत होते, पण नौदल दाद देत नव्हते. ८ मार्च १८६२ रोजी हॅम्प्टन रोड्स येथे ‘व्हर्जिनिया’ या कॉन्फेडरेट चिलखती नौकेने ‘कंबरलंड’ला धडक देऊन बुडविले, तेव्हा युद्धमंत्री एडविन स्टँटन यांनी एलेट यांना बोटी विकत घेण्याचे अधिकार दिले. म्हणजे एलेट यांचा ताफाही लष्कराच्याच पैशातून उभा होता, त्याचे खलाशीही नदीवरचे होते आणि तोही नौदलाच्या आज्ञेत नव्हता. त्यांचे बंधू आल्फ्रेड यांच्यासह घरातील अनेक जण त्यात सामील होते.

६ जून १८६२ रोजी पहाटे मेम्फिसच्या उंच काठावर हजारो नागरिक लढाई पाहण्यासाठी जमले. ‘बेंटन’, ‘लुइव्हिल’, ‘कॅरंडलेट’, ‘सेंट लुइस’ व ‘कैरो’ या पाच चिलखती नौका प्रवाहाबरोबर खाली येत होत्या. तोफांचा पहिला आवाज झाला तेव्हा मागे असलेल्या एलेट यांनी ‘क्वीन ऑफ द वेस्ट’ ही आपली नौका चिलखती नौकांच्या मधून भरधाव पुढे काढली. आल्फ्रेड एलेट यांची ‘मोनार्क’ तिच्यामागे निघाली. डेव्हिस यांना या चालीची कल्पना नव्हती.

‘क्वीन’ने ‘कर्नल लव्हेल’च्या कुशीत धडक देऊन तिला भर नदीत बुडविले. मग ‘क्वीन’वरच धडक बसली व ती आर्कान्साच्या काठाला लागली. पिस्तुलाची गोळी लागून चार्ल्स एलेट यांचा गुडघा फुटला. ‘मोनार्क’वर ‘प्राइस’ आणि ‘बोरगार्ड’ या दोन बोटी दोन बाजूंनी चालून आल्या. ‘मोनार्क’ मधून निसटली आणि दोघी एकमेकींवरच आदळल्या. त्या टकरीत ‘प्राइस’चे एक चाक निखळले. पाठोपाठ ‘मोनार्क’ने ‘बोरगार्ड’ला धडक दिली; तोफेच्या गोळ्याने तिचा बॉयलर फुटला व वाफेने अनेक खलाशी होरपळले. ‘जेफ थॉम्प्सन’ पेट घेऊन काठाला लागली आणि तिच्यातील दारूगोळ्याचा स्फोट झाला. ‘लिटल रेबेल’ आर्कान्साच्या काठावर चढली. मॉन्टगोमेरी व त्यांचे साथीदार जंगलात पळून गेले. ‘ब्रॅग’ आणि ‘सम्टर’ शत्रूच्या हाती पडल्या. सारी लढाई दोन तासांच्या आत आटोपली.

संघराज्याच्या बाजूचे नुकसान नगण्य होते, परंतु चार्ल्स एलेट त्या जखमेतून उठले नाहीत. २१ जून रोजी त्यांचे निधन झाले. लढाईच्या सकाळी त्यांचा तरुण मुलगा चार्ल्स रिव्हर्स एलेट तीन सोबत्यांसह छोट्या होडीतून मेम्फिसला उतरला आणि टपालकचेरीवर त्याने संघराज्याचा ध्वज फडकविला.

शेवटची बोट

‘जनरल अर्ल व्हॅन डॉर्न’ ही एकटी मेम्फिसमधून निसटली. ती व्हिक्सबर्गजवळ मिसिसिपीला मिळणाऱ्या याझू नदीत शिरली. तेथे वरच्या अंगाला लेफ्टनंट आयझॅक ब्राउन ‘आर्कान्सा’ ही चिलखती नौका पुरी करण्याच्या खटपटीत होते. २६ जून रोजी आल्फ्रेड एलेट यांचे रॅम याझूत येताच लिव्हरपूल लँडिंग येथे कमांडर रॉबर्ट पिंकनी यांच्या हुकमावरून ‘व्हॅन डॉर्न’ आणि नौदलाच्या ‘पोल्क’ व ‘लिव्हिंग्स्टन’ या नौका पेटवून देण्यात आल्या. ताफ्याचे अस्तित्व त्या दिवशी संपले. ज्या नौदलाची आज्ञा मानायची नाही म्हणून ताफा वेगळा राहिला, त्याच नौदलाच्या अधिकाऱ्याच्या शब्दावर त्याची शेवटची बोट जळाली.

मूल्यमापन

ताफ्याच्या विनाशाचे खापर सामान्यतः मुलकी कप्तानांच्या बेशिस्तीवर फोडले जाते. न्यू ऑर्लीन्सपुरता हा आरोप बराचसा खरा आहे. तेथे तीन दलांपैकी कोणी कोणाचे ऐकले नाही आणि सहांपैकी एकाच बोटीने झुंज दिली. पण तेच स्पष्टीकरण मेम्फिसला जसेच्या तसे लावता येत नाही. मेम्फिसला ज्याने त्यांना हरविले तो एलेट यांचा ताफा त्यांच्याइतकाच मुलकी होता आणि डेव्हिस व एलेट यांच्यातही ताळमेळ नव्हता. शिवाय तेच कप्तान महिनाभरापूर्वी प्लम पॉइंट बेंड येथे ठरल्याप्रमाणे एका ओळीत लढले होते व आज्ञा होताच मागेही फिरले होते.

दोन बाजूंतील खरा फरक पाठबळाचा होता. एलेट यांचा बेत फसला असता, तरी मागे पाच चिलखती नौकांच्या तोफा होत्या. मॉन्टगोमेरी यांच्यामागे कोळसा नसलेला धक्का होता. प्लम पॉइंटचे यश अचानक हल्ल्यावर आणि किल्ल्याच्या आश्रयावर उभे होते. मेम्फिसला दोन्ही नव्हते. शिस्तीची उणीव मुख्यतः ‘प्राइस’ आणि ‘बोरगार्ड’ यांच्या टकरीत प्रकट झाली. धूर दाटलेल्या नदीत दोन शूर सुकाणूदारांनी परस्परांशी संकेत न करता एकच लक्ष्य निवडले होते.

मेम्फिस पडल्यावर व्हिक्सबर्गच्या उत्तरेकडील मिसिसिपी संघराज्याच्या ताब्यात गेली. व्हिक्सबर्ग मात्र त्यानंतर वर्षभराहून अधिक काळ टिकले आणि ४ जुलै १८६३ रोजी शरण आले.

बोटींचे पुढे काय झाले

हाती पडलेल्या चार बोटी दुरुस्त करून संघराज्याने आपल्या सेवेत घेतल्या. ‘सम्टर’ ऑगस्ट १८६२ मध्ये लुइझियानातील बायू सारा येथे वाळूत रुतली व सोडून द्यावी लागली. ‘जनरल ब्रॅग’, ‘लिटल रेबेल’ आणि ‘जनरल प्राइस’ (स्टर्लिंग हे नाव वगळून) युद्ध संपेपर्यंत मिसिसिपी व तिच्या उपनद्यांवर संघराज्याच्या ध्वजाखाली चालल्या आणि १८६५ मध्ये विकण्यात आल्या.

प्लम पॉइंट बेंड व मेम्फिस या दोन्ही लढायांत उतरलेली ‘कैरो’ १२ डिसेंबर १८६२ रोजी याझू नदीत सुरुंग फुटून बुडाली होती. विसाव्या शतकात ती नदीच्या गाळातून वर काढण्यात आली. व्हिक्सबर्ग येथील राष्ट्रीय लष्करी उद्यानात तिचा सांगाडा, तोफा आणि खलाशांच्या नित्य वापरातील वस्तू पाहावयास मिळतात.